आमची वाटचाल: चहापत्तीचं दुकान ते काचेची किटली

आमचं दुकान मुळात चहापत्तीचं. आण्णांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, १९८७ ला कराडच्या मंडईजवळ सुरू केलं. आसामची सीटीसी, म्हणजे दाणेदार चहापत्ती, पोत्यांतून यायची, आण्णा स्वतः कप करून चाखायचे, बारीक आणि जाड दाणा मिसळून मिक्श्चर बनवायचे आणि लोक पावशेर अर्धा किलो न्यायचे. २०१५ च्या आसपास मी गल्ल्यावर बसायला लागले, तेव्हा मनात आलं की पानाचा चहा पण ठेवावा, दार्जिलिंग, निलगिरी, थोडा ग्रीन टी. लोकांनी हौसेने नेला आणि महिन्याभरात परत येऊन सांगायला लागले, वहिनी याला रंगच येत नाही आणि कडू किती लागतो. कसा केला विचारलं तर पातेल्यात दूध साखर घालून खळखळून उकळलेला. त्यांची काही चूक नाही हो, आपल्याकडे चहा म्हणजे तसाच, सीटीसीचा दाणा आहेच त्यासाठी. आम्ही पान विकत होतो पण ते मुरवायला भांडं कोणाच्या घरात नव्हतं, हे आमच्या लक्षात यायला वर्ष गेलं.

मग किटली शोधायला लागलो. चिनीमातीची पण बघितली, पण नवीन माणसाला चहा झाला कधी हे कळायला रंग दिसला पाहिजे, कारण दार्जिलिंग फिकट सोनेरी असतानाच झालेला असतो आणि लोक तो काळा व्हायची वाट बघत बसतात. म्हणून काच. शिवाय घरात काचेचं थोडं नातं आहे, आण्णांचे वडील ओगलेवाडीच्या काच कारखान्यात कामाला होते. आमच्या कराडचं रेल्वे स्टेशन तिथेच आहे, आणि जुन्या लोकांना प्रभाकर कंदील आठवत असेल, तो याच कारखान्याचा. १९१६ पासूनचा कारखाना, आज बंद आहे. आण्णा सांगतात, त्यांचे वडील म्हणायचे की भांडं भट्टीत बिघडत नाही, निवताना बिघडतं. हे वाक्य पुढे फार उपयोगी पडलं.

२०१८ ला पहिला माल घेतला, ४० नग. खोक्यावर बोरोसिलिकेट, म्हणजे उकळतं पाणी सोसणारी काच, असं लिहिलेलं, दिसायला सुंदर, आम्ही विश्वास ठेवला. थंडी सुरू झाली आणि दोन महिन्यांत ५ किटल्या तडकल्या. एका काकूंनी उकळतं पाणी ओतलं आणि बूडच निघून आलं, पाणी सगळं ओट्यावर, त्या एक पाऊल बाजूला होत्या म्हणून पाय वाचला. त्या रात्री मला झोप लागली नाही. विकलेल्या सगळ्यांना फोन करून किटल्या परत मागवल्या, पैसे परत दिले, त्या वर्षीचा नफा तिथेच गेला पण दुसरा मार्ग नव्हता.

आमच्या गल्लीत एक निवृत्त विज्ञानाचे सर राहतात, त्यांना फुटलेले तुकडे दाखवले. सर म्हणाले घरात सूर्यफुलाचं तेल आहे का. एका वाटीत तेल घेतलं, त्यांच्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेतल्या बीकरचा एक तुकडा होता तो आत सोडला, आणि तुकडा दिसेनासाच झाला! मग आमच्या किटलीचा सोडला, तो कडेसकट स्वच्छ दिसत होता. म्हणजे ती साधी खिडकीच्या जातीची काच होती. सरांनी कारण सांगितलं, खरी बोरोसिलिकेट आणि हे तेल दोन्ही प्रकाश जवळपास सारखाच वाकवतात, अपवर्तनांक १.४७ च्या आसपास, त्यामुळे कड डोळ्याला कळत नाही, साध्या काचेचा १.५२ असतो म्हणून ती दिसते. आणि मुख्य मुद्दा म्हणजे साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट फुगते. आतून गरम, बाहेरून गार, ताण बसतो आणि तडा जातो. बोरोसिलिकेट काच जर्मनीत येना गावी ओटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तयार केली, वाळूबरोबर साधारण १२-१३ टक्के बोरॉनचं ऑक्साइड असतं तिच्यात. तेव्हापासून प्रत्येक नवीन लॉटमधली एक किटली आम्ही स्वतः फोडतो आणि तेलात टाकून बघतो. एक नग जातो, जाऊ दे.

काच खरी असली तरी काम संपत नाही. दांडा जिथे चिकटवतात तिथे नीट निववलेलं नसेल तर आत ताण राहतो, आण्णांच्या वडिलांचं तेच वाक्य. सरांनी आम्हाला पोलरॉइडच्या, म्हणजे प्रकाश एकाच दिशेने गाळणाऱ्या, दोन फिल्म दिल्या, किटली मध्ये धरून उजेडाकडे बघायचं, दांड्यापाशी इंद्रधनुष्यासारखे भडक रंग दिसले की ती बाजूला.

पण खरं सांगू का, सगळ्यात जास्त वेळ आमचा आतल्या जाळीने खाल्ला. लोक किटली बघतात, जाळी कोणी बघत नाही, आणि चहा तर जाळीतच होतो. आम्ही ११ प्रकार मागवून रोज दुकानात चहा करून बघितला. काहींची जाळी इतकी उथळ की दोन कप पाणी भरलं तर पान पाण्याला टेकतच नाही, वर कोरडं लोंबकळतं. जाळी बुडापासून बोटभर वर एवढी खोल पाहिजे. काहींची अरुंद नळीसारखी, त्यात पान फुगायला जागा नाही, आणि आख्खं पान भिजल्यावर कितीतरी पट होतं, दाबून बसलं तर चव बाहेर येत नाही. काहींमध्ये तोटीच्या तोंडाशी फक्त स्प्रिंग, पान मोकळं आत तरंगतं, दिसतं छान पण पहिला कप ओतला की उरलेला चहा पानातच बसून तुरट होत जातो. काचेलाच बारीक चिरा पाडलेली जाळी पण आणली, मोठ्या पानाला उत्तम, पण बारीक चुरा सगळा कपात. शेवटी आम्ही स्टीलची, ३०४ ग्रेडची, बारीक भोकांची रुंद टोपलीसारखी जाळी ठरवली, जी काठाला धरून बाहेर काढता येते. ३-४ मिनिटं झाली की जाळी काढायची, झाकण उलटं ठेवून त्यात ठेवायची, टेबल ओलं होत नाही. ग्रीन टी असेल तर पाणी ८० अंशाच्या खालीच, उकळी आल्यावर पाच-सात मिनिटं थांबायचं.

बाकी गोष्टी पटकन सांगते. तोटीचं तोंड भरलेल्या पाण्याच्या पातळीपेक्षा वर पाहिजे, नाहीतर जाळी घालताच तोटीतून पाणी येतं. ओतून थांबवल्यावर थेंब तोटीखालून ओघळतो का ते बघा, आम्ही प्रत्येक नमुना पांढऱ्या कागदावर दहा वेळा ओतून बघितला. दांड्यात चार बोटं जाऊन काचेला टेकत नाहीत ना ते बघा. बांबूचं झाकण आम्ही ठेवत नाही, पावसाळ्यात बुरशी धरतं. आणि दुधाचा चहा यात करू नका, साय जाळीत बसते आणि निघता निघत नाही. गवती चहा, आलं, तुळस मात्र फार सुंदर होतं, आमच्या निम्म्या किटल्या त्यासाठीच जातात.

आता ६०० मिलीची आमची किटली कराड, सातारा, सांगली आणि कुरिअरने पुण्यामुंबईला जाते. जाळी आणि झाकण आम्ही सुटं पण विकतो, फुटलं म्हणून सगळी किटली नवीन विकत घ्यायला लावणं मला पटत नाही.

सध्या ३०० मिलीची शोधतोय, एकट्या राहणाऱ्या आजी-आजोबांसाठी, हलकी, मोठ्या दांड्याची. मागच्या आठवड्यात दोन नमुने आले. तेलात दोन्ही पास झाले, पण एकाची जाळी उथळ आहे आणि दुसऱ्याची तोटी टिपकते, म्हणून दोन्ही परत पाठवले आणि जाळीची खोली चित्र काढून कळवलीय.