मॅट गुंडाळायच्या आधी

शनिवारी संध्याकाळी दुकानात शिरलेला रनर मी लांबूनच ओळखते. खांद्याला शर्यतीआधीच्या एक्स्पोमध्ये मिळालेली दोरीची पिशवी, त्यातून डोकावणारं बिबचं, म्हणजे छातीवर लावायच्या नंबराचं, पाकीट, आणि काउंटरशी आला की ठरलेलं वाक्य, "मॅडम, उद्या एकवीस किलोमीटर आहे. एखादी पेनकिलर द्या ना, सकाळी घेऊनच निघतो."

मी देत नाही. नारायण पेठेत माझं औषधांचं दुकान आहे, अठरा वर्षं झाली. त्यातली सात वर्षं मी स्वतः पळते आहे, त्यामुळे समोरच्याला दोन्ही बाजूंनी समजावून सांगता येतं. तीन तास घाम गाळताना अंगातलं पाणी कमी होतं, किडनीकडे जाणारं रक्तही घटतं. अशा वेळी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन पोटात असेल तर किडनीवरचा ताण आणखी वाढतो. आणि गोळीने दुखणं दबतं, दुखापत तिथंच राहते. बरीच मुलं ऐकतात. एखादा न बोलता पुढच्या दुकानाकडे वळतो, आणि मग तो रविवारी दुपारपर्यंत माझ्या डोक्यातून जात नाही.

मी पळायला लागले एक्केचाळिसाव्या वर्षी. त्याआधी सारसबागेत चालायला जायचे, तेही सलग कधी नाही. पण मॅरेथॉन हा शब्द आमच्या घरात जुना आहे. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन 1983 पासूनची. लहानपणी बाबांनी मला सायकलच्या कॅरियरवर उभं करून ती दाखवली होती. पुढचे पळणारे दिसले आणि लगेच दिसेनासेही झाले, आवाज फक्त बुटांचा. बाबा म्हणाले, "आता मागचे बघ, खरी मजा तिथं आहे." आम्ही अर्धा-पाऊण तास थांबलो. धोतर खोचलेले एक आजोबा अनवाणी पळत आले आणि बाबांनी एवढ्या जोरात टाळ्या वाजवल्या की सायकलच हलली. ते आजोबा मला अजून दिसतात.

लग्नानंतर मी सिंहगड रोडला आनंदनगरला आले, आणि पुढे मॅरेथॉनच आमच्या रस्त्यावर आली. सणस मैदानावरून सुटायचं, दांडेकर पुलावरून सिंहगड रोडला लागायचं, नांदेड सिटीपर्यंत जाऊन परत यायचं. एका डिसेंबरात पहाटे दूध घ्यायला खाली उतरले तर साधारण माझ्याच वयाची एक बाई दुभाजकाच्या कडेने हळूहळू पळत चालली होती, एकटीच, कपाळाला घामाने चिकटलेले केस. तिने माझ्याकडे बघून हात केला. मी दुधाची पिशवी हातात धरून ती वळणाआड जाईपर्यंत उभी होते. दुसऱ्या आठवड्यात बूट आणले.

पहिली दहा किलोमीटरची शर्यत मी 1 तास 24 मिनिटांत पूर्ण केली. तिच्याबद्दल फारसं लिहिण्यासारखं नाही, सगळ्यांची पहिली दहाची शर्यत सारखीच असते. पहिले दोन किलोमीटर गर्दीच्या भरात जोरात जायचं आणि उरलेले आठ त्याची किंमत मोजत काढायचे. मग आमच्या भागातला एक ग्रुप मिळाला. मंगळवारी तळजाई, गुरुवारी पर्वतीच्या पायऱ्या, रविवारी लाँग रन. खडकवासल्याच्या चौपाटीपर्यंत जाऊन परत यायचं, तेही पाच वाजता निघून, नाहीतर येताना डोणजे-सिंहगडला निघालेल्या गाड्यांच्या गर्दीत जीव मुठीत धरून पळावं लागतं. ग्रुपमधले एक काका सत्तरीकडे झुकलेत. त्यांचा पेस माझ्याइतकाच, किलोमीटरला पावणेनऊ मिनिटं. त्यामुळे आमची जोडी जमली ती कायमची.

आता एका शर्यतीबद्दल. नाव लिहीत नाही. पुण्याच्या वेशीबाहेरची होती, फेब्रुवारीतली, माझी दुसरी हाफ, म्हणजे अर्धी मॅरेथॉन. पत्रकावर कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची मुदत, स्पष्ट छापला होता, साडेतीन तास. शर्यत उशिरा सुटली, म्हणजे ऊनही आमच्याच वाट्याला जास्त. तेरापर्यंत सगळं ठीक होतं. पंधराच्या टेबलावर पाणी तळाला गेलेलं. सतराव्या किलोमीटरला टेबल दिसलं तेव्हा मला हायसं वाटलं. जवळ गेले तर टेबलावर रिकामे जार आडवे पडलेले, रस्त्यावर चेपलेल्या कागदी ग्लासांचा चिखल, आणि टेबलामागे कॉलेजातला एक मुलगा एकटा उभा. तो माझ्याकडे बघेना. मी विचारलं, "बाळा, पाणी?" त्याने पाठीवरच्या सॅकमधून स्वतःची बाटली काढली, घरून आणलेली, स्टीलची, निम्मी भरलेली. म्हणाला, "काकू, हे घ्या. मी चार वेळा फोन केला, कोणी उचलत नाहीये." मी दोन घोट घेतले आणि बाटली परत दिली, कारण माझ्या मागे काका होते, आणि काकांच्याही मागे माणसं होती.

शेवटी फिनिशला पोहोचले तेव्हा घड्याळात 3 तास 11 मिनिटं झाली होती. कट-ऑफला एकोणीस मिनिटं बाकी. फिनिशच्या फुगवलेल्या कमानीतली हवा सोडत होते, ती एका बाजूने खाली बसत चालली होती. जमिनीवरच्या मॅट गुंडाळून टेम्पोच्या फाळक्यापाशी ठेवलेल्या. एका मुलीने खोक्यातून मेडल काढून हातात दिलं, गळ्यात घालण्याइतकीही उसंत तिला नव्हती.

ज्यांनी कधी शर्यत पळलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. बिबच्या मागे पातळ पट्टीसारखी चिप असते. सुरुवातीला आणि शेवटी रस्त्यावर रबरी मॅट अंथरलेली असते, तिच्यावरून गेलं की चिप वाचली जाते आणि बाजूच्या यंत्रातून 'टिंग' असा आवाज येतो. गर्दीत मागे उभं राहिल्यामुळे स्टार्ट लाइन ओलांडायला चार-पाच मिनिटं गेली तरी ती तुमच्या वेळेत धरली जात नाहीत, कारण तुमचं घड्याळ तुमच्या 'टिंग'पासून सुरू होतं. मॅट नसेल तर तुम्ही शर्यत संपवलीच नाही. निकालाच्या यादीत माझ्या नावापुढे वेळ नव्हती. काकांच्याही नाही. मी तीन मेल पाठवले, घड्याळातल्या नोंदीसकट, एकालाही उत्तर आलं नाही.

मला त्याचा आजही राग येतो, आणि तो यावाच असं मला वाटतं. प्रवेश फी पुढच्याने आणि मागच्याने सारखीच भरलेली असते. पुढचा दीड तासात घरी जातो. मागचा दुप्पट वेळ रस्त्यावर असतो, दुप्पट वेळ उन्हात असतो, पाण्याची गरज त्याला जास्त. आणि पाणी संपतं ते नेमकं त्याच्यासाठी.

घड्याळावरून आठवलं. त्या मेलमध्ये मी घड्याळातलं अंतर लिहिलं होतं, 21.4 किलोमीटर. हाफ असते 21.0975 ची. नंतर कळलं की हा घोळ जवळजवळ सगळ्यांच्याच घड्याळात होतो आणि त्यात आयोजकांची चूक असतेच असं नाही. प्रमाणित मार्ग सायकलच्या पुढच्या चाकाला मोजणीयंत्र लावून मोजतात, आणि तोही सगळ्यात जवळच्या रेषेने, वळणावर कडेपासून जेमतेम फूटभर अंतर ठेवून. वर प्रत्येक किलोमीटरमागे एक मीटर मुद्दाम जास्त धरतात, म्हणजे मार्ग कमी भरायला नको. आपण पळतो ते रस्त्याच्या मधून, खड्डा चुकवत, पाण्याच्या टेबलाकडे तिरके जात. शिवाय उड्डाणपुलाखाली आणि इमारतींच्या दाटीत घड्याळाचं जीपीएस थोडं भरकटतं. हे समजल्यापासून मी वळणं आतल्या बाजूने घेते. दोन-अडीचशे मीटर वाचतात, माझ्या वेगाला ती दोन मिनिटं होतात.

त्या शर्यतीनंतर काका म्हणाले, आता मी रेसला येणार नाही, फक्त आपल्या रस्त्यावर पळणार. मीही सहा-सात महिने कुठं नाव नोंदवलं नाही. मग साताऱ्याला भाऊ राहतो तो मागेच लागला, हिल मॅरेथॉनला ये म्हणून. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जायचं आणि परत शहरात उतरायचं. जवळजवळ निम्मी शर्यत चढ. मी काकांना जवळजवळ ओढतच नेलं.

सप्टेंबर होता, घाटात ढग उतरलेले. मी चढ अर्धा चालत आणि अर्धा पळत गेले. सगळेच तसे जातात, त्यात लाज नाही. समर्थ मंदिराच्या भागात घराघरांतून माणसं बाहेर आली होती. ढोल होता, लेझीम होतं, शाळेची पोरं टाळी द्यायला हात पुढे करून रांगेत उभी होती. हे पुढच्यांसाठी असेल असं मला वाटलं होतं. उतरताना परत तिथं आले तेव्हा तीन तास होऊन गेले होते, रस्त्यावर पळणारे तुरळक, आणि तीच माणसं तिथंच उभी. एका आजींनी बिबवरचं नाव वाचून हाक मारली आणि तळहातावर खडीसाखर ठेवली. "बास, आता उतारच हाय, जा." मी रडत पळाले. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर याच जिल्ह्यातली, रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत धावलेली. जिथं अशी मुलगी घडते तिथल्या लोकांना पळणाऱ्याची कदर असणारच, असं काका परतीच्या एसटीत म्हणत होते. माझी वेळ 3 तास 22 मिनिटं, आतापर्यंतची सगळ्यात संथ हाफ. निकालाच्या यादीतली ती ओळ मी फोनमध्ये जपून ठेवली आहे.

त्यानंतर मी ग्रुपमध्ये एक गोष्ट मांडली. वर्षातून एका तरी शर्यतीत आपण पळायचं नाही, टेबल सांभाळायचं, आणि ते शेवटच्या टप्प्यातलंच मागून घ्यायचं. गेली तीन वर्षं आम्ही ते करतो. माझ्याकडे ओआरएसचं काम असतं, कारण पहिल्याच वर्षी मी एका मुलाला भांडंभर पाण्यात चार पाकिटं फोडताना पाहिलं. त्याला वाटलं, जास्त म्हणजे चांगलं. एक मोठं पाकीट एक लिटर पाण्याला, एवढंच त्याचं प्रमाण. घट्ट केलं तर पोट ढवळतं, उलटी होते, आणि अंगात जायचं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. आता मी आदल्या रात्री वीस लिटरच्या जारवर मार्कर पेनने '20 पाकिटं' असं लिहूनच ठेवते. आणि दुसरी बाजूही मुलांना सांगते. जो माणूस प्रत्येक टेबलावर तीन-तीन ग्लास साधं पाणी पितोय आणि बोलताना अडखळतोय, त्याला आणखी पाणी देऊ नका, आधी डॉक्टरांच्या माणसाला हाक मारा. रक्तातलं सोडियम खाली गेलं की असं होतं, आणि ते तहानेपेक्षा धोक्याचं असतं.

आणि तिसरं काम मोजायचं. टेबलाशी एक मुलगा फक्त किती बिब पुढे गेले ते लिहितो. आपल्यापर्यंत किती यायचे बाकी आहेत हे कळलं की पाणी किती राखून ठेवायचं ते कळतं. एवढी साधी गोष्ट आहे.

गेल्या डिसेंबरात आमचं टेबल फिनिशच्या दीड किलोमीटर अलीकडे होतं. वहीत दोन माणसं बाकी होती. स्वीपर बस, म्हणजे मागे राहिलेल्यांना उचलून नेणारी बस, कोपऱ्यावर येऊन उभी राहिली, ड्रायव्हर हॉर्न न वाजवता नुसता थांबला होता. मग एक जण आला, ग्लास घेतला, गेला. दुसरी होती पंचावन्न-साठची बाई, ट्रॅक पँटवर कुर्ता, डाव्या पायाने जरा लंगडत. तिला ओआरएस दिलं. ते संपेपर्यंत ती टेबल धरून उभी राहिली. मी ॲप्रन काढून एका मुलाच्या हातात दिला आणि तिच्याबरोबर निघाले.

पहिले पाचशे मीटर ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "ताई, तुम्ही परत जा, तुमचं काम असेल."

"माझं काम तुम्हीच आहात," मी म्हटलं, "वहीत शेवटचं नाव तुमचं राहिलंय."

वळणावर मी तिला आतून घेतलं. समोर कमान दिसायला लागली, भरलेली, ताठ. काका तिथं उभे होते, त्यांना मी सकाळपासून त्याच जागेवर बसवलं होतं, खुर्ची टाकून, अगदी मॅटच्या काठाशी. कोणी मॅटला हात लावला तर आधी मला विचारा, असं सांगून ठेवलेलं.

पन्नास पावलं राहिली तेव्हा ती बाई एकदम थांबली. घाबरल्यासारखी बघायला लागली, पुढे कोणीच नव्हतं, मंडपातल्या खुर्च्या उचलायला लागले होते.

"ताई, ते चालू आहे ना अजून? ते वाजतं ते?"

"चालू आहे. जा तुम्ही."

मी कडेला झाले, माझ्याकडे बिब नव्हता. ती शेवटची पावलं पळत गेली, लंगडत का होईना पण पळत. काका खुर्चीतून उठले. टिंग.