दुसऱ्या फायरवॉलचे पोर्ट जीई-५ पासून का सुरू होतात

ज्युनिपरच्या दोन एसआरएक्स फायरवॉलचा चॅसिस क्लस्टर केला, म्हणजे एक उपकरण बंद पडल्यास दुसरे काम सांभाळेल अशी जोडी केली, की नोड ० (पहिले उपकरण) वरील बहुतेक इंटरफेसची, म्हणजे पोर्टची, नावे तशीच राहतात, नोड १ (दुसरे उपकरण) वरील मात्र बदलतात. एसआरएक्स३४५ च्या जोडीत दुसऱ्या उपकरणावर ज्या पोर्टशेजारी ०/३ असे छापलेले असते, तोच पोर्ट कॉन्फिगरेशनमध्ये जीई-५/०/३ या नावाने येतो (जीई म्हणजे गिगाबिट इथरनेट).

नावातील पहिला अंक स्लॉटचा, दुसरा पिकचा (स्लॉटमधील उपविभागाचा) आणि तिसरा पोर्टचा. क्लस्टरमध्ये जुनॉस (ज्युनिपरची ऑपरेटिंग सिस्टिम) दोन्ही उपकरणांना मिळून एकच चॅसिस मानते आणि स्लॉट सलग मोजते. मात्र ही मोजणी प्रत्यक्ष बसवलेल्या कार्डांची नसून त्या मॉडेलसाठी राखून ठेवलेल्या स्लॉटची असते. एसआरएक्स३४५ मध्ये अंगचे पोर्ट स्लॉट ० मध्ये आणि मिनी-पिमच्या (जादा पोर्ट देणाऱ्या छोट्या कार्डांच्या) चार जागा १ ते ४ मध्ये येतात, त्यामुळे त्या जागा रिकाम्या असल्या तरी दुसरा नोड ५ पासूनच सुरू होतो. मिनी-पिमच्या दोनच जागा असलेल्या एसआरएक्स३२० मध्ये तो ३ पासून, एकही जागा नसलेल्या एसआरएक्स३०० मध्ये १ पासून आणि बारा स्लॉटच्या एसआरएक्स५८०० मध्ये १२ पासून सुरू होतो. एसआरएक्स१५०० चा अंक ७ आहे आणि तो दर्शनी बाजूकडे पाहून कोणालाही सुचणार नाही, तेव्हा मॉडेलनिहाय तक्ता उघडलेला बरा.

इतर कंपन्यांच्या फायरवॉलमध्ये, उदाहरणार्थ फोर्टिगेटच्या एचए (हाय अव्हेलेबिलिटी) जोडीत किंवा सिस्को एएसएच्या फेलओव्हरमध्ये (एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम घेण्याच्या व्यवस्थेत), दोन्ही उपकरणांवर इंटरफेसची नावे एकसारखीच असतात. वाचायला ते सोपे आहे, पण मला ज्युनिपरची पद्धत अधिक प्रामाणिक वाटते, कारण लॉगमध्ये जीई-५/०/३ डाऊन झाल्याची ओळ दिसली की कोणत्या उपकरणापाशी जायचे हे त्या नावातच कळते.

या पद्धतीची किंमत मोजावी लागते ती इंटरफेस मॉनिटरिंगमध्ये, म्हणजे पोर्टच्या लिंकवर नजर ठेवण्याच्या सोयीत. रेथ१ मध्ये (दोन्ही नोडचे पोर्ट मिळून बनलेल्या सामायिक इंटरफेसमध्ये) जीई-०/०/३ आणि जीई-५/०/३ असे दोन सदस्य असतील, तर रिडंडन्सी ग्रुपखाली (एकत्र फेलओव्हर होणाऱ्या इंटरफेसच्या गटाखाली) दोघांचीही नावे, सहसा २५५ या वेटसह (लिंक तुटल्यास किती महत्त्व द्यायचे तो अंक), लिहावी लागतात. उपकरणावरील छापील अंकावर विसंबून दुसऱ्या नोडसाठीही जीई-०/०/३ च लिहिले, तर दुसऱ्या बाजूच्या लिंकवर कोणाचेच लक्ष राहत नाही आणि ऐन फेलओव्हरच्या वेळी वाहतूक तुटलेल्या केबलकडे वळते. कमिट (बदल लागू करण्याची आज्ञा) मात्र निमूटपणे होते, कारण वाक्यरचनेत चूक काहीच नसते.

लहान मॉडेलमध्ये आणखी एक अडचण असते. एसआरएक्स३०० आणि ३२० मध्ये क्लस्टर सुरू होताच दोन्ही उपकरणांवरील ०/० हा पोर्ट व्यवस्थापनासाठी एफएक्सपी० होतो आणि ०/१ हा कंट्रोल लिंकसाठी (दोन नोडमधील नियंत्रणाच्या संदेशांसाठी) एफएक्सपी१ होतो. मूळ कॉन्फिगरेशनमध्ये जीई-०/०/० वर पत्ता आणि झोन नेमलेले असतात; ते आधीच काढून टाकले नाहीत तर पुढे कमिट अडते. फॅब्रिक लिंकचा, म्हणजे दोन नोडमधील वाहतूक आणि सत्रांची माहिती नेणाऱ्या दुव्याचा, पोर्ट आपण निवडायचा असतो. पहिल्या नोडवर तो फॅब० मध्ये आणि दुसऱ्यावर फॅब१ मध्ये जातो.

केबलच्या लेबलवर मी छापील अंक आणि जुनॉसमधील नाव अशी दोन्ही लिहितो. दुसरा नोड क्लस्टरमधून काढून रीबूट केला की त्याचा जीई-५/०/३ पुन्हा जीई-०/०/३ होतो, आणि तेव्हा लेबलवर केवळ जुनॉसमधील नाव असेल तर ते उपकरणाशी जुळत नाही.