काजातलं फूल

फुलाची क्रियापदं मराठीनं ठरवून टाकली आहेत. देवाला फूल वाहायचं, बाईनं माळायचं, पाहुण्याला द्यायचं. पुरुषाला स्वतःच्या अंगावर फूल घ्यायचं असेल तर त्यानं काय करायचं? माझे आजोबा सकाळची पूजा आटोपली की तबकातलं एक फूल टोपीच्या घडीत खोचायचे. पण ते खोचणं म्हणजे पदर खोचावा, कनवटीला पैसे खोचावेत तसं. हौस म्हणून नव्हे, प्रसाद पायदळी जाऊ नये म्हणून. नवरदेवाला मुंडावळ्या बांधतात, पण त्या दुसरे बांधतात, तो नुसता मान पुढे करून बसतो. आणि मनगटाला गजरा गुंडाळलेला पुरुष म्हटलं की अजूनही लोकांच्या डोळ्यांपुढे ढोलकीचा फड उभा राहतो.

त्यामुळे भाच्यानं लीड्सहून फोन करून विचारलं, "मामा, तुझ्या कोटाला फूल कुठलं सांगू?" तेव्हा मी चहाचा कप तसाच हातात धरून बसलो. असा प्रश्न साठ वर्षांत मला कुणी विचारला नव्हता.

मुलगी यॉर्कशायरची, लग्न जूनमध्ये, तिकडच्याच पद्धतीनं. नवरा, त्याचा बेस्ट मॅन म्हणजे पाठराखा मित्र, दोघांचे वडील आणि घरचे जवळचे पुरुष यांच्या कोटावर डाव्या बाजूला एकेक फूल असतं. इंग्रज त्याला 'बटनहोल' म्हणतात, म्हणजे ज्या भोकात घालायचं त्याचंच नाव फुलाला. अमेरिकन लोक फ्रेंच शब्द उचलून 'बुटोनियर' म्हणतात, पण त्याचाही मूळ अर्थ काजच. आमचे भाऊजी जाऊन सहा वर्षं झाली. यादीत 'नवऱ्याचे वडील' या रकान्यापुढे भाच्यानं माझं नाव घातलं होतं. तो तसं काही बोलला नाही. यादी मेलवर आली, त्यात दिसलं.

फुलाच्या आधी काजाचा प्रश्न निघाला. माझा एकुलता एक चांगला कोट तयार घेतलेला. त्याच्या डाव्या लॅपलवर, म्हणजे छातीवर दुमडलेल्या पट्टीवर, काज होतं, निदान मी तरी तसं समजत होतो. आमच्या शिंप्यानं त्यावरून नख फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हे काज नाही. काजाचं चित्र आहे." कापड कापलेलंच नव्हतं, वरून नुसता दोरा फिरवला होता. इतकी वर्षं मी रिसेप्शनांना एक खोटं काज छातीवर मिरवत होतो.

त्याच्याकडूनच मला ते भोक तिथं का असतं हे कळलं. त्यानं मला आरशासमोर उभं केलं, कोटाची कॉलर वर उचलली, दोन्ही लॅपल गळ्याशी एकमेकांवर आणले आणि बोट ठेवून दाखवलं, ते काज बरोबर सगळ्यात वरच्या बटनाच्या जागी येतं. पूर्वी कोट गळ्यापर्यंत बंद व्हायचे. मग वरची बटनं उघडी टाकून कापड बाहेर दुमडायची रीत पडली, त्याचाच लॅपल झाला. बटन गेलं, काज राहिलं. पुरुषांच्या कोटाची काजं डाव्या बाजूला असतात म्हणून फूलही डावीकडे. हृदयाची बाजू वगैरे अर्थ लोकांनी मागाहून चिकटवले असणार. बंदगळ्याला लॅपलच नाही, म्हणून तिथं फुलाला जागा नाही, ब्रोच लावून भागवतात. नेहरूंची अचकन हा त्यावरचा तोडगा. त्यांनी गुलाब सरळ पुढच्या बटनाच्या काजात घातला, आणि लहानपणी चित्रकलेच्या तासाला आम्ही चाचा नेहरू काढायचो तेव्हा चेहरा कसाही आला तरी त्या एका लाल ठिपक्यावर मार्क मिळायचे.

शिंप्यानं काज कापलं, रेशमी दोऱ्यानं हातानं भरलं, आणि लॅपलच्या मागे, काजाच्या थोडं खाली, दोऱ्याचा एक बारीक फास घातला. फुलाची दांडी काजातून आत घ्यायची आणि त्या फासात अडकवायची. पिन लागत नाही, फूल कलंडत नाही. चांगल्या शिवलेल्या कोटाला हा फास असतोच, आपण कधी कॉलर उलटून पाहत नाही.

मग फूल. मी आपला सहज म्हणालो, गुलाब सांग. तर गुलाब बेस्ट मॅनकडे गेला होता. नवऱ्याचं फूल नवरीच्या हातातल्या गुच्छातलं असावं, असा तिकडचा रिवाज, आणि बाकीच्यांचं त्याहून साधं. फुलवालीनं भाच्याला सांगितलं होतं की वडीलधाऱ्यांना पांढरं कार्नेशन द्या, डोळे झाकून. तिचं म्हणणं बिनतोड होतं. कार्नेशन पाण्याबाहेर दिवसभर तग धरतं आणि पाकळ्यांखाली त्याची जी जाडसर हिरवी नळी असते ती काजात घट्ट बसते. ऑक्सफर्डला परीक्षेला जाणारी मुलंसुद्धा कार्नेशनच लावतात, पहिल्या पेपरला पांढरं, मधल्यांना गुलाबी, शेवटच्याला लाल. फुलाच्या रंगावरून कुणाची किती सुटका झाली ते कळतं. लाल कार्नेशनला आणखी एक इतिहास आहे आणि तो आपल्या दारापर्यंत येतो. २५ एप्रिल १९७४ ला लिस्बनमध्ये सैन्यानं हुकूमशाही उलथवली तेव्हा लोकांनी सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत लाल कार्नेशनं खोवली. गोवा १९६१ मध्येच मुक्त झाला होता, पण पोर्तुगालनं ते कागदावर मान्य केलं या क्रांतीनंतर, त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला.

एवढं सगळं असूनही कार्नेशन म्हटलं की मला हॉलच्या कमानीच आठवतात. स्पंजात टोचलेली, कुणी वास घेऊन न पाहिलेली फुलं. नको वाटलं. आणि मग इंटरनेटवर जुन्या पोशाखांबद्दल वाचताना गार्डेनिया हे नाव सापडलं. गेल्या शतकाच्या पूर्वार्धात रात्रीच्या काळ्या कोटावर शौकीन लोक ते लावायचे. फोटो मोठा करून पाहिला आणि हसायलाच आलं. अहो, हा तर अनंत! आपल्या परसातला, पावसाळ्याच्या तोंडावर फुलणारा, एका फुलानं माजघर भरून टाकणारा अनंत. (गार्डेनियाचा गार्डनशी म्हणजे बागेशी संबंध नाही. अलेक्झांडर गार्डन नावाचा एक डॉक्टर होता, त्याच्यावरून ते नाव पडलं.)

ताईच्या चिपळूणच्या घरी पायरीशी अनंत आहे. भाऊजींनी लावलेला. ते रोज सकाळी एक फूल पाण्याच्या वाटीत घालून रेडिओशेजारी ठेवायचे. मी भाच्याला फोन केला, "मला अनंत हवा." तो थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "विचारतो."

फुलवालीनं होकार दिला, वर ताकीद दिली. गार्डेनियाच्या पाकळीला बोट लागलं की तिथं तपकिरी डाग पडतो. लावताना देठालाच धरा, आणि शेवटच्या क्षणी लावा. माझ्यासाठी तिनं डब्यात एक पांढरं कार्नेशन जादा ठेवलं होतं, न सांगता. अनुभवी बाई.

लग्नाच्या सकाळी कोट अंगात घालून मी उभा, आणि ताई चष्मा लावून देठ काजातून आत सरकवतेय. फूल खरोखर सुंदर होतं, मेणातून कोरल्यासारखं. भोवती ना फर्नचं पान, ना तो जिप्सीचा भुगा, जो आपल्याकडे प्रत्येक गुच्छात असतोच. एकटं फूल आणि काळं कापड. ताईनं देठ फासात अडकवला आणि दोन्ही हात मागे घेतले, पणतीला काडी लावून घ्यावेत तसे.

चर्चच्या दारापर्यंत सगळं ठीक होतं. पण इंग्रज माणूस अबोल असतो ही आपली समजूत लग्नाच्या दिवशी सपशेल खोटी ठरते. नवरीचे वडील, सव्वासहा फुटांचे, त्यांनी मला मिठी मारली. नवरीच्या आजीनं मारली. दोन आत्यांनी मारली. हे लोक हातातल्या ग्लासाला सांभाळून मिठी मारतात, कोटावरच्या फुलाला नाही. त्यांच्या स्वतःच्या छातीवर कार्नेशन, त्याला काय होतंय! नमस्कारानं भागलं असतं तर माझा अनंत संध्याकाळपर्यंत टिकला असता. फोटोची वेळ आली तेव्हा त्याच्या कडा चहात बुडवल्यासारख्या झाल्या होत्या.

बेस्ट मॅन डबा घेऊन धावत आला. कार्नेशन काजात असं बसलं की जणू काज त्याच्याच मापानं कापलं होतं. जेवणात, भाषणांत, रात्री नाचताना ते हललंही नाही. पुढे अल्बम आला तर सगळ्या फोटोंत मी त्या कार्नेशनसकट आहे, आणि खरं सांगायचं तर दिसतंय छान.

अनंत मी टेबलावर रुमालात ठेवला होता. भाषणं चालू असताना ताईनं तो हळूच उचलला. वास तसाच होता, उलट बंद हॉलमध्ये जास्तच. तिनं एकदा नाकाशी नेला, इकडेतिकडे पाहिलं आणि अंबाड्यात माळला. सहा वर्षांत मी तिला फूल माळलेलं पाहिलं नव्हतं. भाचा वर उभा राहून आभार मानत होता, त्याचं वाक्य मध्येच अडखळलं. मग त्यानं घोटभर पाणी प्यायलं आणि पुढचं नाव घेतलं.

परत आल्यावर कोट लाँड्रीत टाकला. चार दिवसांनी आणायला गेलो तर मालकानं लॅपल दाखवला. काजाच्या खाली पुसट पिवळा डाग होता.

"साहेब, हा कसला? दोनदा घासला."

"अनंताचा," मी म्हणालो.

"मग राहू दे," तो म्हणाला आणि कोट पिशवीत घातला. घरी येऊन पाहतो तर त्यांच्या नंबराची गुलाबी चिठ्ठी सेफ्टी पिनेनं बरोबर काजातच लावलेली होती.