तुम्ही विचारलेत म्हणून: पडद्याशिवाय गाणे शोधता कसे?

माझ्या कॉलरला अडकवलेला आयपॉड शफल, म्हणजे अ‍ॅपलचा गाणी ऐकायचा चिमुकला प्लेअर, पाहून बहुतेक जण एकच प्रश्न विचारतात: याला पडदाच नाही, मग हवे ते गाणे शोधता कसे? शोधत नाही, एवढेच खरे तर उत्तर आहे. पण त्याने कोणाचेच समाधान होत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

अ‍ॅपलचा मूळ आयपॉड २००१ सालचा. त्यात ५ जीबीची फिरती हार्ड डिस्क होती, हजार गाणी मावत होती, आणि एवढ्या गर्दीतून नेमके एक गाणे काढायचे तर पडदा आणि बोटाने फिरवायचे चक्र, दोन्ही हवेच होते. जानेवारी २००५ मध्ये स्टीव्ह जॉब्स यांनी पहिला शफल दाखवला, त्यात डिस्कच्या जागी फ्लॅश मेमरी, म्हणजे काहीही न फिरणारी चिप होती. ९९ डॉलरच्या ५१२ एमबीच्या प्लेअरमध्ये सुमारे १२० गाणी बसत, आणि तेवढ्यांसाठी पडदा कशाला, असा सरळ हिशेब होता. वजन अवघे २२ ग्रॅम. गाण्यांची निवड संगणकावर आधीच उरकायची; नंतर मागची सरकपट्टी हलवून ती क्रमाने ऐकायची की पत्त्यांसारखी पिसून, एवढेच ठरवायचे.

या पिसण्याचीही एक गंमत आहे. एकाच गायकाची दोन गाणी लागोपाठ आली की लोकांना यंत्र पक्षपाती वाटे. वास्तविक फाशावर सलग दोनदा सहा पडावेत, तसाच तो निव्वळ योगायोग असे. अखेर त्याच वर्षी आयट्यून्समध्ये, म्हणजे संगणकावरून आयपॉडमध्ये गाणी भरायच्या अ‍ॅपलच्या प्रोग्राममध्ये, असे योगायोग कमी करण्याची सोय आली, म्हणजे यादृच्छिक वाटावे म्हणून यादृच्छिकता थोडी कमी करावी लागली.

माझ्याकडचा शफल २००६ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीचा: अ‍ॅल्युमिनियमचा, आगपेटीहून लहान, पाठीला चिमटा. मध्ये गोल बटण, भोवती कडे. कड्याच्या वर-खाली आवाज, डावी-उजवीकडे मागचे-पुढचे गाणे. अंधारातही अंगठ्याला सगळे उमगते. यूएसबीचे वेगळे भोकसुद्धा नाही. इअरफोनच्या भोकातूनच वीज आणि गाणी दोन्ही आत जातात. काटकसरीचा याहून सुबक नमुना मी तरी पाहिलेला नाही.

मात्र २००९ च्या तिसऱ्या पिढीत ही काटकसर अंगाशी आली, असे माझे मत आहे. त्या १०.७ ग्रॅमच्या पट्टीवरून सगळी बटणे उचलून इअरफोनच्या वायरवर नेली होती: एकदा दाबले की थांबा, दोनदा दाबले की पुढचे, तीनदा दाबले की मागचे. साधा इअरफोन लावला की आवाजसुद्धा कमी-जास्त करता येत नसे. पडदा डोळ्यांसाठी असतो आणि गाणे ऐकताना डोळे मोकळे राहिले तरी चालते. बटणे बोटांसाठी असतात, आणि बोटांना काही तरी चाचपडायला लागतेच. २०१० च्या चौथ्या पिढीत गोल कडे परत आले. शिवाय तिसऱ्या पिढीत आलेली, गाण्याचे नाव बोलून सांगण्याची सोयही वेगळ्या बटणासह राहिली, आणि याच रचनेत शफल जुलै २०१७ मध्ये बंद होईपर्यंत विकला गेला.

माझा शफल मात्र बोलत नाही. पहिल्या दोन-चार सुरांवरून गाणे ओळखू येते, कारण ते मीच भरलेले असते. नकोसे वाटले, तर अंगठा कड्याच्या उजव्या बाजूला असतोच.