झालर कुणाच्या डोळ्यांपुढे?

दसरा झाला की आमच्या आरटीओच्या ट्रॅकवर उसाच्या गाड्यांची रांग लागते. कारखान्याचं गळीत सुरू व्हायच्या आत पासिंग हवं असतं, आणि आठ वर्षांपुढच्या गाडीला फिटनेसची तपासणी दरवर्षी. त्या सकाळी पहिलीच आली ती अकरा वर्षांची दहाचाकी. २५० मीटरच्या ट्रॅकवर ब्रेक चोख लागले. लाइट, रिफ्लेक्टर, वायपर सगळं ठीक.

केबिनमध्ये मात्र देवघर. काचेच्या वरच्या कडेला वीतभर लाल झालर, तिला गोंडे. खंडेनवमीची झेंडूची माळ वाळून तशीच लटकलेली. फास्टॅग तीन, त्यातला चालू एकच. डॅशबोर्डवर डाव्या अंगाला देवांच्या तसबिरी, स्टीलचा डबा, टॉवेल, पावत्यांचा गठ्ठा.

काचेचं आमचं गणित सोपं आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे पुढच्या-मागच्या काचेतून किमान ७० टक्के उजेड आला पाहिजे, बाजूच्या काचांतून ५०. काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल आहे. मीटर लावला की आकडा समोर. देवांना मीटर लागत नाही, तिथे आपलीच नजर.

मी चढून ड्रायव्हरच्या सीटवर बसलो. माझी उंची पाच फूट दहा. झालर थेट डोळ्यांसमोर. म्हटलं, "काका, ही काढा, सिग्नल दिसत नाही."

काका हसले. "साहेब, ती तुमच्या डोळ्याफुडं येतीया, माझ्या न्हाई."

आधी राग आला. मग त्यांच्याकडे नीट पाहिलं. उंची जेमतेम पाच फूट दोन. इतकी वर्षं मी प्रत्येक केबिनमधून माझ्याच डोळ्यांनी बघत होतो, हे कबूल करायला जरा जडच गेलं.

काकांना सीटवर बसवलं. त्यांचा क्लीनर पोरगा भगवी टोपी घालून टायरपाशी रेंगाळत होता. त्याला बंपरपासून दोन पावलं पुढे, डाव्या कोपऱ्याला उभं केलं आणि मी पायरीवरून विचारलं, "दिसतोय का?"

"कोण?"

"डबा उचला."

काकांनी डबा उचलला, गठ्ठा बाजूला सरकवला. तसबिरीला हात लावताना क्षणभर थांबले, नमस्कार केला, मग उचलली. भगवी टोपी वर आली. पोरगा मजेत हात हलवत होता. काका काही बोलले नाहीत, नुसते त्या टोपीकडे बघत राहिले. उसाच्या फडात रात्री गाडी लावताना हाच पोरगा पुढे उभा राहून 'येऊ द्या, येऊ द्या' करतो.

देव सीटच्या मागच्या फळीवर गेले. डबा सीटखाली. जुने दोन फास्टॅग पोराने ब्लेडने खरवडले. काका बसायला नेहमी घडी केलेली गोधडी वापरायचे. ती धुवायला घरी राहिली होती. उद्यापासून गोधडीशिवाय स्टिअरिंगला हात लावायचा नाही, असं बजावलं.

झालरीबद्दल मी गप्पच होतो. तेवढ्यात काकांनीच विचारलं, "कात्री हाय का साहेब?"

"का? तुम्हाला तर आडवी येत नाही."

"रातच्याला पुतण्या चालवतो. त्यो तुमच्याएवढा हाय."