मॉड्रिचचा तो एक पास

झोप येत नसली की मी एकच क्लिप लावतो. १२ एप्रिल २०२२, चॅम्पियन्स लीगचा फुटबॉल सामना, रेआल माद्रिदचं मैदान बर्नाबेऊ, पाहुणा इंग्लिश क्लब चेल्सी ३-० ने पुढे. रेआलचा क्रोएशियन मिडफिल्डर लुका मॉड्रिच मान वर करून बघतो आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या कडेने चेंडू असा काही वळवतो की बचावपटू नुसते बघत राहतात. धावत आलेला त्याचा साथीदार रॉड्रिगो तो खाली पडूच देत नाही. गोल!

मीही मिडफिल्डलाच खेळायचो. हा पास जमवायला गेलो आणि पंधरा दिवस घोटा शेकत बसलो. चेंडू गेला थेट थ्रो-इनला, ते वेगळंच.

अठराव्या वर्षी हा मॉड्रिच बोस्नियाच्या लीगमध्ये लोनवर, म्हणजे उसना खेळाडू म्हणून, धक्के खात होता. पुढे इंग्लंडचा टॉटनहॅम क्लब, मग २०१२ ला रेआल. २०१८ च्या वर्ल्ड कपची फायनल क्रोएशियाकडून खेळताना फ्रान्सकडून ४-२ हरला. भर पावसात गोल्डन बॉल, म्हणजे स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, घेताना चेहरा बघवत नव्हता. त्याच वर्षी बॅलन डी'ओर, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कारही मिळाला, पण मला आठवतो तो पाऊसच.

२०२५ मध्ये, चाळिशीच्या उंबरठ्यावर, साहेब इटलीच्या मिलान क्लबला गेले. मी त्याच्याहून लहान, आणि माझे गुडघे आत्ताच जिना उतरताना कुरकुरतात.