आळीच्या क्रूसाजवळची सभा

वसईच्या पश्चिम पट्ट्यात गिरीज-भुईगावपासून नंदाखाल-आगाशीपर्यंत गावोगावी, आळीआळीत क्रूस दिसतात. चर्च साऱ्या धर्मग्रामाचं, म्हणजे त्या चर्चशी जोडलेल्या सगळ्या वस्तीचं; क्रूस मात्र आळीचा. आमचाही तसाच. दगडी चौथरा, वर चुना लावलेला क्रूस आणि समोर मोकळं अंगण. छप्पर नाही, भिंती नाहीत.

१५३४ साली वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी ती जिंकून घेतली. किल्ल्यातली चर्चं पुढे ओसाड पडली, गावांतली भक्ती मात्र टिकली. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरली, तेव्हा वांद्रे-गिरगावच्या लोकांनीही असेच क्रूस उघड्यावर उभारले. संकटात माणसं एकत्र कुठे जमायची, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आमच्या आजीच्या काळात चर्चमधली मिस्सा, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची. १९६० च्या दशकात कॅथलिक धर्मगुरूंची व्हॅटिकन परिषद झाली आणि मिस्सा मराठीत आली. क्रूसापुढचं गाऱ्हाणं मात्र तेव्हाही घरच्या बोलीत, कादोडीतच असायचं.

मे हा मरियामातेचा महिना. रोज संध्याकाळी जपमाळ आणि महिनाअखेर, पाऊस यायच्या आत, आमची वार्षिक सभा. लितानी म्हणजे सगळ्यांनी प्रतिसाद देत म्हणायची प्रार्थना, फादरांचं प्रवचन, मंडळाचा अहवाल, दहावी-बारावीच्या मुलांचा सत्कार हे सगळं ठरल्याप्रमाणे होतं. माझा जीव अडकलेला असतो त्यानंतरच्या अर्ध्या तासात.

तेव्हा आळीतली सगळ्यात वयस्क बाई उठते. हातात कागद नसतो. वर्षभरात देवाघरी गेलेल्या प्रत्येकाचं नाव ती घेते आणि त्याच्याबद्दल एकच गोष्ट सांगते, कादोडीत. लाल लुगड्यातल्या एका काकीने सांगितलेलं मला अजून ऐकू येतं. दादरला फुलं न्यायची ती आमची शेजारीण पहाटेच्या गाडीतून उतरताना दुसरीच्या टोपलीला हात लावल्याशिवाय स्वतःची टोपली कधी डोक्यावर घ्यायची नाही, एवढंच काकी बोलली. पुढच्या रांगेत त्या शेजारणीचा मुलगा बसला होता. तो मोठा अधिकारी आहे. तो हुंदके देत रडला. दुसऱ्या एका वर्षी, दुष्काळात आपल्या विहिरीवर रहाट सगळ्यांसाठी मोकळा ठेवणाऱ्या आजोबांचं नाव निघालं, तर मागून तीन-चार म्हाताऱ्या एकदम म्हणाल्या, "आमीं पाणी भरलां." मोठमोठ्या वक्त्यांची भाषणं मी ऐकली आहेत. त्यांतल्या कुणी माझा गळा असा दाटून आणला नाही.

म्हणूनच स्टेशनजवळच्या इमारतींत राहायला गेलेल्या आमच्याच माणसांचा मला राग येतो. लग्नसराई असते, ट्रॅफिक असतो, सगळं मान्य. पण उकडलेले चणे वाटायच्या वेळेला बरोबर पोचता, तर अर्धा तास आधी या ना! आपल्याच आईचं नाव घेतलं जात असताना खुर्ची रिकामी असावी, हे मला सहन होत नाही.

आता ज्यांच्याविना सभा उभी राहत नाही, त्यांची आठवण. दरवर्षी शिडी लावून क्रूसाला चुना देणारे मिस्त्रीकाका आणि शिडी धरणारा त्यांचा नातू. मीटरवरून वायर ओढू देणारं कोपऱ्यावरचं घर. पेटी वाजवणारे मास्तर, त्यांना चष्मा आणून देणारी त्यांची सून. सोनचाफा आणि मोगरा पहाटे खुडून, बाजाराला न पाठवता क्रूसासाठी ठेवणाऱ्या तिघी बहिणी. चणे भिजत घालणाऱ्या, उकडणाऱ्या आणि पातेली घासणाऱ्या सगळ्या काकी. पातेली घासणाऱ्यांचा उल्लेख अहवालात नेहमी राहतो, म्हणून इथे मुद्दाम. सतरंज्या देणारं शेजारचं हिंदू कुटुंब, त्यांच्या आजोबांपासून. दिवे गेले तर लागेल म्हणून कंदील घेऊन येणारे निवृत्त पोस्टमन. आणि अंगण झाडणारी मुलं, जी आता कॉलेजात गेली तरी झाडू धरतात.

यंदा नावं घेणारी काकी ऐंशीच्या पुढे गेली आहे आणि तिचे गुडघे फार दुखतात. तिच्यासाठी हातांची खुर्ची आणि उंची कमी करता येईल असा माईकचा स्टँड हवा आहे. कुणाकडे असेल तर मिस्त्रीकाकांना सांगा. खुर्च्या मांडायला पाच वाजता माणसं लागतील.